माळवदाचं वजन

लातूर-धाराशिवकडं जुनं घर खणांत मोजतात. दोन तुळयांमधली, म्हणजे छत पेलणाऱ्या दोन जाड आडव्या लाकडांमधली जागा म्हणजे एक खण. दगडी तळखड्यावर सागाचा किंवा बाभळीचा खांब, खांबावर आडवी उशी, उशीवर तुळई, तुळईवर वीतभर-सव्वा वीत अंतरानं कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन, म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा, त्यावर पाला आणि तुराट्या आणि सगळ्यात वर माती. हे मातीचं सपाट छत म्हणजे माळवद. तळखडा जमिनीची ओल खांबात चढू देत नाही. उशीचं काम कमी लोकांच्या लक्षात येतं. अडीच मीटरच्या तुळईला दोन्ही टोकांना पाव-पाव मीटर उशी मिळाली, की मधला मोकळा गाळा दोन मीटरच उरतो आणि तुळईला वाकवणारा जोर सुमारे एकतृतीयांशानं घटतो. १० बाय १५ सेंमीची तुळई आडवी टाकण्याऐवजी उभी ठेवली, तर तेवढंच लाकूड सव्वादोनपट कमी लवतं.

नीट बांधलेल्या घरात छताचा भार खांबांवरूनच जमिनीत उतरतो. दगड-मातीची जाड भिंत नुसती आडोशाला असते. कड्यांची टोकं भिंतीत खुपसली, की हा हिशेब बिघडतो. भिंतीतल्या ओलीनं टोकं कुजतात, वाळवी लागते, आणि वरून रंधा मारल्यासारखी दिसणारी कडी आतून पोकळ निघते.

मातीचं गणित त्याहून गंभीर आहे. वर गावठाणातली पांढरी माती घालतात, कारण काळी माती वाळली की भेगाळते आणि पहिल्याच पावसात गळते. पन्हाळीकडं उतार देऊन माती चोपतात. मृगाच्या आधी दरवर्षी नवा थर पडतो, जुना मात्र कुणी काढत नाही. वीतभर थराचा असा दोन-अडीच फूट होतो. दीड बाय अडीच मीटरच्या एका खणावर ५० सेंमी माती असेल, तर सुमारे तीन टन वजन झालं. पावसात भिजल्यावर त्यात आणखी काही क्विंटलांची भर पडते.

जाड माळवद थंड असतं, हे खरं, पण काही मर्यादेपर्यंतच. दिवसाच्या उन्हाची लाट चोपलेल्या मातीत दर ११-१२ सेंमीला जवळपास एकतृतीयांशावर येते. २० सेंमी खाली तिचा पाचवा-सहावा हिस्सा उरतो, ३० सेंमीवर दहावाही उरत नाही, आणि तोही नऊ-दहा तासांनी, म्हणजे रात्री आत पोचतो. त्याहून जाड थरानं गारवा फारसा वाढत नाही, भार मात्र वाढतच जातो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा याच भारानं घात केला. जमीन हलते तेव्हा छताला बसणारा आडवा हिसका वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. तीन टनांच्या खणाला गुरुत्वाच्या पाचव्या हिश्श्याइतका हिसका बसला, तरी तो ६०० किलोंचा होतो. आतला आणि बाहेरचा पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नसलेल्या भिंतींचे दोन पदर सुटून ढासळले. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला, पण जिथं खांबाचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, तुळईच्या भोकात नुसतं बसवलेलं होतं, तिथं चौकट तिरकी होण्याला अडवणारं काहीच नव्हतं. चौकोन कोपऱ्यांत सहज मुरडतो, त्रिकोण मुरडत नाही.

म्हणून आजही उभ्या असलेल्या माळवदाला खांब आणि तुळईच्या प्रत्येक सांध्यात तिरपा टेकू द्यावा. खांबावर ६० सेंमी खाली आणि तुळईवर ६० सेंमी पुढं खूण केली, तर टेकू साधारण ८५ सेंमीचा येतो. तो खिळ्यांवर भागवू नये, बोल्ट घालावेत. माती २० सेंमीवर आणावी आणि मातीखाली जाड प्लॅस्टिक पसरावं. माती काढण्याआधी प्रत्येक तुळईला मधोमध तात्पुरती थुणी, म्हणजे उभा टेका, द्यावी, आणि माती सगळ्या खणांवरून वीत-वीत सारखी उतरवावी. एकच खण आधी मोकळा केला, तर शेजारच्या भारानं मधली तुळई एका अंगाला पिळते आणि जुनं, वाळलेलं कुसू तिथंच मोडतं.