नवरा गावाला गेल्यावर बरं वाटणं म्हणजे संसार बिघडणं नव्हे

नवरा वारीला नाहीतर शेगावला गेला आणि घरी राहिलेली बाई खुशीत दिसली, की ओट्यावर कुजबुज ठरलेली: 'हिच्या संसारात पाणी मुरतंय.' वऱ्हाडातल्या गावांत हा समज फार जुना आहे, आणि चुकीचा आहे.

आधी कामाचा हिशेब बघा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या; घरकाम करणारे पुरुष ९७. माणूस चार दिवस बाहेर गेला की चहाची फर्माईश, डबा, रात्री उशिराचं ताट एवढं तरी सुटतं. भाकर, जवसाची चटणी, वर तेल, झालं जेवण. रिमोटही आपल्याच हाती. (कापूसवेचणीच्या दिवसांत दुपारची झोप मिळाली तर ती चैनच.) यात नवऱ्याबद्दलचा राग कुठून आला?

रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांच्या सहभागातून २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात, पंधरा मिनिटं एकटं बसल्यावर उत्साह आणि चिडचिड दोन्ही ओसरताना दिसले. एकटं राहणं स्वतः निवडलेलं असेल, तर मन निवांतही होतं.

लादलेलं एकटेपण वेगळं. नवरा महिनोन्‌महिने पुण्याकडे कामाला आणि इकडे शेत, कर्ज, सासू एकटीच्या अंगावर, तिथं कोणाला करमणार?

बाकी, बायको माहेरी गेल्यावर शेतात रोडग्यांची पार्टी करणाऱ्या गड्याच्या संसारावर कोणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही.