पेशीतली खोटी टंचाई

तळजाई टेकडीवर रोज भेटणारे एक काका परवा रिपोर्ट घेऊनच आले. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १७२ वरून ९४ वर आलं म्हणून त्यांनी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद केली होती. आता आकडा पुन्हा १६८. "बघा, शरीराला सवय लावतात या गोळ्या!" काकांचा निकाल तयार होता.

सवयबिवय काही नाही. ही गोळी रक्तवाहिनीतला गाळ खरवडत नाही, ती यकृताच्या पेशीला फसवते. आणि ही फसवणूक थेट जनुकांपर्यंत पोचते.

कोलेस्टेरॉल प्रत्येक पेशीला लागतं, पण फार झालं तर घातक. म्हणून पेशी ते सतत मोजत असते. मोजणी होते आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलात. तिथे एसआरईबीपी नावाचं प्रथिन दावणीला बांधल्यासारखं असतं आणि त्याला स्कॅप नावाचा सोबती चिकटलेला असतो. पटलातल्या मेदरेणूंमध्ये कोलेस्टेरॉल साधारण ५ टक्क्यांच्या वर असेल, तर स्कॅपचा आकार बदलतो, इन्सिग हे तिसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि जोडी जागची हलत नाही. प्रमाण त्याखाली घसरलं की इन्सिगची पकड सुटते आणि जोडी गॉल्गी संकुलाकडे निघते.

तिथे दोन कात्र्या, म्हणजे प्रथिन कापणारी विकरं (एन्झाइम), आहेत, आणि दुसरीवर माझा विशेष जीव आहे. प्रथिन तोडायला पाण्याचा रेणू लागतो, हे शाळेत शिकलेलं पचन आठवा. पण ही दुसरी कात्री प्रथिन कापते ते पटलाच्या आत, जिथे सगळा मेद आणि पाण्याला मज्जाव! असं विकर असू शकतं हेच १९९७ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. ते आपल्या पोटात जस्ताचा अणू बाळगतं आणि त्याच्या मदतीने पाणी वापरून बंध तोडतं. एसआरईबीपीचा सुटलेला तुकडा केंद्रकात जातो, डीएनएवरच्या ठरावीक अक्षरांवर बसतो आणि जनुकं चालू करतो. एका जनुकातून कोलेस्टेरॉल बनवणारं विकर तयार होतं, दुसऱ्यातून रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राही.

हे ग्राही ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी शोधले, १९८५ चं नोबेल त्याच कामासाठी. सुरुवात झाली होती ती ग्राहीचं जनुकच बिघडलेल्या मुलांपासून. दोन्ही प्रती सदोष असल्या तर लहानपणीच हृदयविकार गाठतो.

आता काकांची गोळी. स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनवणारं विकर अडवतं. यकृताच्या पेशीत टंचाई होते, दावण सुटते, ग्राही वाढतात, रक्तातलं एलडीएल आत खेचलं जातं. गोळी थांबली की टंचाई संपते, जनुकं मंदावतात आणि काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो. साजूक तुपाचा अतिरेकही ग्राही घटवूनच एलडीएल वाढवतो.

लाकडी घाण्याच्या दुकानावर 'कोलेस्टेरॉल-फ्री शेंगदाणा तेल' अशी पाटी दिसते. वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. 'हाडे नसलेले केळे' असं लिहिण्यापैकी आहे हे. आणि व्हॉट्सॲपवरचा लसूण-आलं-लिंबाचा काढा 'ब्लॉकेज विरघळवतो' म्हणतात, तो पोटात जाऊन रक्तवाहिनीतलं काय विरघळवणार?

काकांनी सगळं ऐकलं आणि नेमकं विचारलं, "मग दुप्पट गोळी घेतली तर दुप्पट उतरेल?" नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी खाली येतं. एक कारण असं, की तोच सुटलेला तुकडा पीसीएसके९ या प्रथिनाचंही जनुक चालू करतो, आणि त्या प्रथिनाचं काम आहे ग्राही नष्ट करणं.