नाणं चोख, तरी खिसा रिकामा

विषमतेवर चर्चा सुरू झाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "उद्या सगळी संपत्ती गोळा करून सारखी वाटली, तरी दहा वर्षांत पुन्हा तेच श्रीमंत आणि तेच गरीब." सूर असा, की ज्याची जशी लायकी, त्याला आपण काय करणार! या विधानाचा अर्धा भाग बरोबर आहे आणि अर्धा साफ चूक. कोणता अर्धा ते पाहायला एक नाणं आणि शाळेतली टक्केवारी पुरते.

खेळ असा. दोघांनी छापा-काटा करायचा. डावाची रक्कम दोघांतल्या गरिबाच्या ऐपतीवर ठरणार. श्रीमंताच्या ऐपतीवर ठरवली तर गरीब बिचारा खेळूच शकणार नाही. छापा पडला तर गरिबाला स्वतःजवळच्या रकमेच्या 20 टक्के मिळतील, काटा पडला तर 17 टक्के जातील. नाणं चोख, छापा आणि काटा पडण्याची शक्यता सारखीच. म्हणजे खेळ चक्क गरिबाच्या बाजूला झुकलेला. खेळाल? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच हो म्हणालो होतो.

100 मोहरा घेऊन दोन डाव खेळू. दोन्ही छापे पडले तर 120, मग 144. दोन्ही काटे पडले तर 83, मग 68.89. एक छापा आणि एक काटा, कोणताही आधी येवो, 100 × 1.2 × 0.83 म्हणजे 99.6. इथे जरा थांबा. एकदा जिंकलो, एकदा हरलो, जिंकताना जास्त मिळालं, तरी 40 शतांश मोहर गेलीच! आता चारही शक्यतांची सरासरी काढा: 103.02. सरासरी वाढली, पण चारपैकी तीन शक्यतांत माणूस 100 च्या खालीच राहिला.

समोरचा अमर्याद श्रीमंत आहे असं धरून 100 डाव खेळलो, तर सरासरी जाते सुमारे 443 वर. आणि 50 डाव जिंकून 50 हरलेल्या, अगदी मधल्या माणसाकडे उरतात साधारण 82. मोजके भाग्यवान सरासरीला वर ओढून नेतात. (दरडोई उत्पन्न वाढल्याच्या बातमीवर म्हणूनच माझा फारसा जीव नाही.)

गोम अशी की टक्क्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. गुणाकार समजून घ्यायचा तर त्याची बेरीज करून देणारा लॉगरिदम घ्यावा लागतो: 1.2 चा नैसर्गिक लॉग +0.1823, तर 0.83 चा −0.1863. बेरीज −0.004. लॉगच्या पट्टीवर गरीब दर दोन डावांमागे एवढासा मागे सरकतो; खाली जाताना त्याचे डावही लहान होत जातात, त्यामुळे तो शून्याला टेकत नाही, नुसता त्याच्याकडे घसरत राहतो. समोरच्याकडे 10,000 मोहरा असतील तर त्याच्या दृष्टीने 20 गेल्या काय किंवा 17 आल्या काय, हा 0.2 टक्क्यांच्या आतबाहेरचा मामला. इतक्या लहान टक्क्यांत गुणाकार आणि बेरीज यांत फरकच पडत नाही. एकच नाणं, पण एक जण बेरजेच्या जगात खेळतोय आणि दुसरा गुणाकाराच्या. लॉग डोक्यावरून गेला असेल तर 99.6 तेवढा लक्षात ठेवा.

आता दोघांऐवजी 1000 माणसं घ्या, सगळ्यांना सारख्या मोहरा द्या आणि दर वेळी कुणाही दोघांना खेळायला बसवा. पदार्थवैज्ञानिक अनिर्बान चक्रवर्ती यांनी 2002 मध्ये अशा प्रकारचं प्रारूप (मॉडेल) मांडलं. कोराडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने 1912 मध्ये दिलेल्या विषमतेच्या मापाने बघितलं, तर सुरुवातीला आकडा 0 असतो. खेळ चालू राहतो तसा तो 1 कडे सरकतो, म्हणजे जवळजवळ सगळं एकाच माणसाच्या हातात. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, ते हे.

पण तो माणूस कोण? सगळं पुसून पुन्हा सुरू केलं की दर वेळी दुसराच कुणीतरी निघतो. प्रारूपात कुणी हुशार नाही, कुणी आळशी नाही. सारखं वाटलं तरी विषमता परत येईल, हा अर्धा भाग खरा. 'तेच लोक' हा खोटा. अर्थात जिंकलेल्याची मुलाखत घेतलीत तर तो पहाटे चारला उठण्याचे फायदे सांगेल, आणि हरलेल्याला कुणीतरी ग्रहदशा सुधारणारा खडा विकेल. नाण्याला दोघांचीही खबर नसते.

टफ्ट्स विद्यापीठातले गणिती ब्रूस बोघोशियन आणि सहकाऱ्यांनी यात आणखी दोन गोष्टी घातल्या. एक, सरासरीपेक्षा जास्त असणाऱ्यांकडून थोडं काढून खालच्यांना देणं, म्हणजे कर. दुसरी, श्रीमंताच्या बाजूला नाणं किंचित झुकवणं. कारण प्रत्यक्षात त्याला कर्ज स्वस्त मिळतं, वकील चांगला मिळतो. कर थोडा असला तरी घसरण थांबते आणि संपत्तीची वाटणी स्थिरावते. मात्र झुकाव कराच्या वर गेला, की पाण्याचा बर्फ व्हावा तसा एकदम बदल होतो आणि संपत्तीचा मोठा हिस्सा मूठभरांकडे गोठतो. कर्जबाजारी माणसांनाही त्यात जागा करून हे प्रारूप अमेरिकेच्या 1989 ते 2016 च्या संपत्तीच्या आकडेवारीशी ताडून पाहिलं, तेव्हा ते फार जवळून जुळलं.

1948 च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं 25 वं कलम अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांचा हक्क सांगतं. ते दयेपोटी लिहिलेलं वाटतं. मला त्यात या प्रारूपातला, घसरण थांबवणारा कर दिसतो.

प्रारूपात पुष्कळ काही नाही. इथे कुणी काही पिकवत नाही, कारखाना काढत नाही, वारसाही नाही. एकूण मोहरा तेवढ्याच राहतात. म्हणून हा जगाचा नकाशा नव्हे. पण संगणकावर हा खेळ वीसेक ओळींत लिहिता येतो. आधी कर शून्य ठेवून लाखभर डाव चालवा, मग एक टक्का करून बघा, आणि दोन्ही वेळचे पहिले दहा जण शेजारीशेजारी मांडा.