बिबट्या दिसला की सायकल दामटायची?

नाशिक जिल्ह्यात गिरणारे, दिंडोरी, निफाडकडे पहाटे सायकल काढणाऱ्यांना हमखास सल्ला मिळतो: बिबट्या दिसला तर जोरात पॅडल मारून सुटायचं. हे साफ चुकीचं आहे. बिबट्या ताशी 50 किलोमीटरहून वेगात धावतो, आणि पळणारं काहीही दिसलं की त्याची पाठलागाची वृत्ती जागी होते. थांबा, उतरा, सायकल दोघांच्या मध्ये आडवी धरा. हात वर करून मोठ्यानं ओरडा, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. आणि कृपा करून खाली वाकू नका. चेन पडली तरी नाही! वाकलेला माणूस त्याला छोट्या जनावरासारखा दिसतो. त्याची उसात शिरायची वाट मात्र मोकळी ठेवा, बहुतेकदा तो स्वतःच निघून जातो. मग वनविभागाला 1926 वर कळवा.