वाफारे आणि इलाज: मागची गोष्ट

रात्री दोनला छातीतून वाफ वर चढते, कान तापतात, दरदरून घाम फुटतो आणि ओला सदरा बदलेपर्यंत हुडहुडी भरते. पाळी जाताना बायकांना होणारा हा वाफाऱ्यांचा त्रास प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोन घटवणारं इंजेक्शन घेणाऱ्या पुरुषालाही होतो, म्हटलं की लोक अजून चमकतात. नोंद मात्र जुनी आहे. प्रोस्टेट वाढलं म्हणून वृषणं काढलेल्या पुरुषांना असे झटके येतात, हे बोस्टनचे सर्जन कॅबट यांनी १८९६ साली लिहून ठेवलं होतं. त्याच वर्षी ग्लासगोचे सर्जन बीटसन यांनी स्तनाच्या कॅन्सरवर बायकी हार्मोन बनवणारी अंडाशयं काढण्याचा अनुभव छापला. १९४१ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर हगिन्स यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, हे दाखवलं.

पुढे सुरीची जागा औषधांनी घेतली. गर्भनिरोधक म्हणून फसलेलं, बायकी हार्मोनचं काम अडवणारं टॅमॉक्सिफेन १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. १९८० च्या दशकात प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पुरुषी हार्मोन घटवणारी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं आली. टॅमॉक्सिफेनची गोळी पाच-पाच वर्षं चालू, म्हणजे वाफाऱ्यांचीही सोबत तितकीच. ‘जीव वाचला ना, मग एवढं सोसा’ हे ऐकवणं सोपं होतं.

दोष मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राचा. हार्मोन एकाएकी घटलं की ते भलतंच हळवं होतं. अंगाचं तापमान जरासं चढलं तरी घाम काढून उष्णता बाहेर टाकू लागतं.

मग हार्मोनच परत द्यावं? नेमकं तेच अवघड. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांना ते देऊन पाहणारी ‘हॅबिट्स’ चाचणी २००३ मध्ये थांबवावी लागली, कारण कॅन्सर उलटत होता. वाट सापडली ती आडवळणाने: २००० मध्ये व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची गोळी वाफारे कमी करते असं दिसलं. त्याच घरातली पॅरॉक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनच्या कामात खोडा घालते. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, ती यासाठी.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१२ चा ‘मेनॉस १’ प्रयोग. संथ श्वास आणि ‘सगळे माझ्याकडेच बघताहेत’ या विचाराशी दोन हात करायला शिकलेल्या बायकांचे वाफारे मोजणीत फारसे घटले नाहीत; जाच मात्र घटला.

वाफारे उठवणाऱ्या मेंदूतल्या पेशींवरच काम करणारं फेझोलिनेटंट अमेरिकेत २०२३ मध्ये आलं, तेही पाळी गेलेल्या बायकांसाठी. स्तनाच्या कॅन्सरची हार्मोनची गोळी चालू असताना त्याच जातीच्या एलिन्झानेटंटने वाफारे कमी होतात, हे चाचणीत छापून यायला २०२५ उजाडलं.