छू म्हटलं की धावणारं जनावर : गेममधल्या पेट मॅक्रोंची पार्श्वभूमी

गावाकडे कुत्र्याला कुणाच्या अंगावर सोडायचं तर ‘छू’ म्हणतात आणि परत बोलवायचं तर ‘यू यू’. दोन शब्दांत काम होतं. ऑनलाइन गेममध्ये शिकारी, जादूगार किंवा मांत्रिक होऊन सोबत एखादं पेट, म्हणजे हुकमाचं जनावर, सांगाडा नाहीतर सैतान, बाळगणाऱ्यांची गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली खटपट याच दोन शब्दांसाठी चालली आहे. ‘छू’ कुठल्या बटणावर ठेवायचं, ‘यू यू’ कुठल्या, आणि त्या बटणाला स्वतःची अक्कल किती असू द्यायची, एवढाच प्रश्न. त्यातला शेवटचा भाग खेळाडू आणि कंपन्या यांच्यात कायम भांडणाचा राहिला.

२४ सप्टेंबर १९९७ ला ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला, तेव्हा ‘छू’ अक्षरशः तोंडाने म्हणावं लागे. टेमर, म्हणजे जनावरं माणसाळवणारा खेळाडू, ‘ऑल किल’ असं टाइप करायचा. मग कर्सरचं लक्ष्यचिन्ह व्हायचं आणि ज्याच्यावर क्लिक कराल त्याच्यावर ड्रॅगन झेपावायचा. एकाच जनावराला हुकूम द्यायचा तर आधी त्याचं नाव घ्यायचं, मग आज्ञा. ‘ऑल फॉलो मी’, ‘ऑल गार्ड मी’, ‘ऑल स्टे’ ही सगळी वाक्यं टेमरच्या डोक्यावर अक्षरांत उमटायची, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्यालाही वाचता यायची. लढाईच्या ऐन गर्दीत इतकं टाइप करत बसायला वेळ कुणाला? गेममध्येच मॅक्रोची, म्हणजे अनेक आज्ञा एका बटणावर बांधायची, सोय होती. एका बटणावर ‘ऑल किल’ हे बोलणं आणि त्यामागोमाग ‘मागचंच लक्ष्य’ अशा दोन गोष्टी ओळीने लावल्या की काम भागायचं. पेट मॅक्रोचं हे जवळजवळ आदिरूप. जनावराला वेळेवर खाऊ घातलं नाही तर मात्र ते रानटी होऊन निघून जायचं, आणि त्यावर कुठल्याच बटणाचा इलाज नव्हता.

दीड वर्षाने, १६ मार्च १९९९ ला आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने बोलण्याऐवजी स्लॅशच्या आज्ञा दिल्या: ‘/पेट अटॅक’, ‘/पेट बॅक ऑफ’, ‘/पेट गार्ड हिअर’, आणि नको झालं की ‘/पेट गेट लॉस्ट’. नेक्रोमॅन्सरचा, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या मांत्रिकाचा, सांगाडा प्रत्येक हुकमाला ‘मालक’ म्हणत अदबीने उत्तर द्यायचा. नोकराने इतकं झुकून बोलावं, अशी हौस त्या गेमच्या लेखकांना होती खरी. या आज्ञा ‘सोशल’ नावाच्या बटणात ठेवता यायच्या आणि एका सोशलमध्ये पाच ओळी मावायच्या. पहिल्या ओळीत हल्ला, दुसऱ्या ओळीत गटासाठी घोषणा: अमक्यावर पेट सोडलंय. लक्ष्याचं नाव टक्क्याच्या चिन्हापुढे टी लिहिलं की आपोआप भरलं जायचं. हे फार सोयीचं होतं आणि तितकंच वैताग आणणारं, कारण प्रत्येक नेक्रोमॅन्सर प्रत्येक उंदरामागे ती घोषणा करायचा. मॅक्रो स्वतःच्या सोयीसाठी लिहायचा आणि त्याचा ताप सगळ्या गटाने सोसायचा, ही परंपरा तिथूनची.

जपानमध्ये २००२ साली आलेल्या ‘फायनल फँटसी इलेव्हन’ने मॅक्रोला सहा ओळी दिल्या आणि मध्ये थांबायला ‘/वेट’. सुरुवातीला हा गेम प्लेस्टेशन २ वर होता, हातात गेमपॅड, त्यामुळे मॅक्रो ही चैन नव्हती, गरज होती. समनर, म्हणजे जनावरं बोलावणारी मंडळी, त्या सहा ओळींत आधी त्या वाराला सोयीचे कपडे चढवायची, मग जनावराला वार करायला लावायची आणि लगेच जुने कपडे परत चढवायची. लढाईत एवढी वेशभूषा नाटकवाल्यांनाही जमत नसेल.

या सगळ्यात मला मनापासून आवडतो तो मात्र एक वेगळाच गेम. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘सिटी ऑफ व्हिलन्स’ आला. क्रिप्टिक या स्टुडिओने बनवलेला, एनसीसॉफ्टने प्रकाशित केलेला. त्यात मास्टरमाइंड नावाचा खलनायक होता. त्याची स्वतःची ताकद बेताची, पण हाताखाली सहा माणसं: तीन साधे गुंड, दोन त्यांच्यावरचे आणि एक दांडगा. सुरुवातीला निन्जा, रोबो, भाडोत्री सैनिक आणि झोंबी अशा चार टोळ्यांमधून निवड करायची. एकाच वेळी सहा जणांना हाकायचं म्हणजे साधी बटणं अपुरी पडणार, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आज्ञांचं एक व्याकरणच दिलं. सगळ्यांना एक आज्ञा, ठरावीक दर्जाच्या गुंडांना दुसरी, नाव घेऊन एकालाच तिसरी. त्यापुढे काम: हल्ला कर, मागे ये, तिथे जा, थांब. आणि त्यापुढे स्वभाव: आक्रमक, बचावात्मक, शांत. ‘/पेटकॉम_ऑल फॉलो डिफेन्सिव्ह’ एवढं लिहिलं की सहाही जण मालकाभोवती गोळा होत. पुढे याच बचावात्मक-अनुयायी अवस्थेला ‘बॉडीगार्ड’ म्हणू लागले, कारण मालकाला बसणारा मार ते आपसांत वाटून घ्यायचे.

खरी करामत खेळाडूंनी केली ती बाइंड फाइलमध्ये. बाइंड फाइल म्हणजे साध्या नोटपॅडमधली यादी: एका ओळीत बटणाचं नाव, पुढे त्याचं काम. गेममध्ये अशी फाइल चालू खेळात चढवायची आज्ञा होती, आणि ती आज्ञा स्वतःही एखाद्या बटणावर ठेवता येत होती. म्हणजे बटण दाबलं की बटणांचे अर्थच बदलायचे! कीबोर्डच्या उजवीकडच्या अंकांच्या पॅडवर लोकांनी अख्खं रिमोट कंट्रोल बसवलं. एका बटणाने ‘फक्त तीन साधे गुंड’ निवडायचे, की त्या गुंडांची फाइल चढायची आणि बाकीची सगळी बटणं आता त्यांच्याशीच बोलायची. दुसऱ्या बटणाने दांडग्याकडे वळायचं, की तीच बटणं त्याची. फाइल सी ड्राइव्हवर छोट्याशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, कारण आज्ञेत पूर्ण पत्ता लिहावा लागे आणि एक अक्षर चुकलं की सहा जण मख्खासारखे उभे. त्यातच गुंडांच्या तोंडी संवाद घालायचीही सोय होती. ‘हल्ला’ दाबलं की रोबो काहीतरी फुशारकी मारायचा. निम्मी मजा तिथेच होती. हा गेम ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद पडला. चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘होमकमिंग’ नावाच्या त्यांच्या सर्व्हरला एनसीसॉफ्टने रीतसर परवाना दिला. आज्ञांचं ते व्याकरण तिथे अजून जिवंत आहे.

पण पेट मॅक्रो म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. २३ नोव्हेंबर २००४ ला तो अमेरिकेत सुरू झाला तेव्हा हंटर (शिकारी) आणि वॉरलॉक (सैतान बाळगणारा मांत्रिक) यांना पेटची वेगळी पट्टी मिळाली, दहा घरांची. तीन घरं हल्ला, अनुसरण आणि थांबणं यांना, तीन स्वभावाला, मधली चार जनावराच्या कलांना. कंट्रोल आणि आकडा दाबला की ते घर चालायचं. एखाद्या कलेवर उजवं क्लिक केलं की ती जनावर आपणहून वापरू लागायचं. या आपोआप चालणाऱ्या कलांपैकी ‘ग्राउल’ने हंटर लोकांची जितकी बदनामी केली तितकी दुसऱ्या कशानेच केली नाही. ग्राउल म्हणजे शत्रूचं लक्ष स्वतःकडे ओढणारी गुरगुर. एकटं फिरताना उत्तम. पण डंजनमध्ये, म्हणजे पाच जणांच्या मोहिमेत, लक्ष ओढण्याचं काम टँकचं, म्हणजे मार अंगावर घेणाऱ्या खेळाडूचं असतं, आणि हंटर ग्राउल बंद करायला विसरला की टँक संतापायचा. उंच कठड्यावरून सगळ्यांनी उडी मारली तर मागे राहिलेलं जनावर लांबच्या वाटेने धन्याकडे धावायचं आणि वाटेतला प्रत्येक राक्षस सोबत घेऊन यायचं. म्हणून उडीआधी पेट परत पाठवायचं, असा रिवाज पडला.

पेट परत पाठवण्याच्या या साध्या बटणाने सप्टेंबर २००५ मध्ये गेममधल्या अख्ख्या शहरांत साथ पसरवली. झुल’गुरुब नावाच्या नव्या मोहिमेतला हक्कार हा देव खेळाडूंना ‘करप्टेड ब्लड’ नावाचा संसर्ग द्यायचा. तो मोहिमेपुरताच राहील असा हिशेब होता. पण संसर्ग झालेलं पेट परत पाठवलं की आजारही त्याच्यासोबत गोठून राहायचा आणि शहरात पेट पुन्हा बोलावलं की भर बाजारात सुटायचा. नवखे खेळाडू पटापट मेले, रस्त्यांवर सापळ्यांचा खच पडला. सर्व्हर पुन्हा चालू करूनही साथ आटोपेना, शेवटी पेटना ती लागूच नये अशी व्यवस्था करावी लागली. पुढे २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी या प्रकारावर ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. बनवणाऱ्यांनी जमेस न धरलेल्या रीतीने पेटचं बटण वापरलं गेलं तर काय होतं, याचं इतकं झणझणीत उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

सुरुवातीच्या या काळात मॅक्रोंवर फारसा लगामही नव्हता. गेमचा दर्शनी भाग ब्राझीलमध्ये जन्मलेल्या लुआ या भाषेत चालतो, आणि मॅक्रोच्या ओळीतून थेट लुआ लिहिता यायचं. पेटचं आयुष्य अमुक टक्क्यांखाली असेल तर त्याला बरं कर, नसेल तर हल्ला कर, अशा अटी त्यात बसायच्या. ‘डिकर्सिव्ह’ नावाच्या ॲडऑनमध्ये, म्हणजे गेमला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, तर एकच बटण बडवत राहायचं, गटात कुणावरची बाधा उतरवायची हे तेच ठरवायचं. सोयीचं होतं, पण मग खेळतंय कोण? माणूस की बटण?

बनवणाऱ्या ब्लिझर्डने याचं उत्तर ५ डिसेंबर २००६ ला २.०.१ या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीत, दिलं. मंत्र चालवणं, लक्ष्य निवडणं, पेटला हुकूम देणं ही कामं संरक्षित झाली. यापुढे लढाईत कोड स्वतः निर्णय घेऊन ती करणार नाही, माणसाने बटण दाबलंच पाहिजे. त्याबदल्यात चौकोनी कंसातल्या अटी मिळाल्या. हंटरचा सगळ्यात गाजलेला मॅक्रो त्यातूनच घडला:

/कास्ट [नोपेट] कॉल पेट; [@पेट,डेड] रिव्हाइव्ह पेट; मेंड पेट

डावीकडून वाचत जायचं, पहिली खरी ठरलेली अट जिंकते. पेट नसेल तर बोलाव, मेलं असेल तर उठव, नाहीतर मलमपट्टी कर. एका बटणात पशुवैद्यकीय दवाखाना. पण यात एक खोच आहे. पेट मरून बराच वेळ झाला आणि कलेवर नाहीसं झालं की गेमच्या लेखी पेटच नसतं. मग मॅक्रो इमानेइतबारे त्याला हाक मारतो आणि पेट मेल्याचा संदेश येऊन आपण होतो तिथेच राहतो. मी दोन संध्याकाळी यात घालवल्या आणि मग शिकलो, की शिफ्ट दाबलं तर आधी उठवण्याची अट सगळ्यांच्या पुढे टाकायची. पुण्यातून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना हुकूम पोचायलाच वेळ लागायचा. त्यात चुकीचा मॅक्रो म्हणजे अस्वलाचं मरण.

या अटींमध्ये काय विचारता येतं आणि काय नाही, यावरून नवं धोरण कळतं. पेट आहे का, मेलंय का, शिफ्ट दाबलंय का, समोरचा शत्रू आहे का, हे विचारता येतं. पेट मरायला टेकलंय का, हे मात्र विचारता येत नाही. तेवढं बघायचं काम माणसाचं. शिवाय अख्खा मॅक्रो २५५ अक्षरांत बसवायचा, त्यामुळे ‘मॉडिफायर’चं ‘मॉड’ झालं आणि ‘टार्गेट=’च्या जागी पुढे नुसता ‘@’ आला. जुन्या काळी तारेत शब्द वाचवायचे, तसंच.

गेमच्या आत दार बंद झालं तेव्हा काहींनी बाहेरून खिडकी शोधली होतीच. लॉजिटेकचा जी१५ हा कीबोर्ड २००५ मधला, त्याच्या डाव्या अंगाला मॅक्रोसाठी अठरा जादा बटणं होती. त्याच वर्षी ‘ग्लायडर’ हा बॉट आला, तो तर माणसाशिवाय खेळायचा. त्याच्या निर्मात्याशी ब्लिझर्डचा खटला २००६ पासून चालला आणि अपिलाचा निकाल डिसेंबर २०१० मध्ये लागला. एक बटण दाबून पाच-पाच खाती एकदम खेळवणारं सॉफ्टवेअर मात्र बरीच वर्षं खपून गेलं. त्यावर बंदी यायला नोव्हेंबर २०२० उजाडलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये ‘क्लासिक’ या नावाने २००४ चं जग पुन्हा उघडलं, तेव्हा एक गंमत झाली. जग जुनं, पण त्याखालचं यंत्र नवं. त्यामुळे जुन्या लुआ-मॅक्रोंच्या वह्या जपून ठेवलेल्यांना त्यांचा काही उपयोग झाला नाही. पेटला खाऊ घालण्याची जुनी कटकट परत आली, ती भागवायला मॅक्रो मात्र २००६ नंतरच्या व्याकरणात लिहायचा.

आणि जून २०२५ मध्ये, ११.१.७ या पॅचमधून ब्लिझर्डनेच एकबटणी मदतनीस दिला. तो पुढचा वार स्वतः सुचवतो, आणि हवं तर एकच बटण दाबत राहिलं की तेच वार ओळीने करतो. २००६ मध्ये खेळाडूंच्या हातून जे काढून घेतलं होतं, त्यातलं बरंचसं अधिकृतपणे परत आलं. फक्त किंमत म्हणून दोन वारांमधला वेळ थोडा वाढतो. पेटला मागे बोलवायचं बटण मात्र अजूनही ज्याचं त्यालाच लावावं लागतं.