फाळक्यांचा वाटाणा आणि गोदावरीचा ई-धडा

त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट काढण्याआधी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. प्राथमिक शाळेसाठी व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकानं ही फिल्म आठवावी. एरवी डोळ्यांना न दिसणारं तेवढंच तिनं दाखवलं.

आज क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपवरचे धडे उघडतात, अनेक शिक्षक स्वतःही व्हिडिओ बनवतात. ही मेहनत मोलाची आहे. पण त्यात नाचणारी कार्टून आणि मागे सतत वाजणारं संगीत कशाला? मोठ्या माणसाच्याही मनात एका वेळी जेमतेम चार गोष्टी टिकतात. मुलांच्या त्याहून कमी. उडतं फुलपाखरू त्यातलीच एक जागा अडवतं. अनावश्यक सजावट काढली की शिकणं सुधारतं, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.

गोदावरीचाच धडा घ्या. नकाशावर ब्रह्मगिरीपासून निळी रेघ निघते, नाशिकला येते आणि थांबते. आवाज विचारतो, "ही कुठल्या समुद्राला मिळेल?" अरबी समुद्र उगमापासून जेमतेम ८० किलोमीटरवर, तेव्हा बरीच मुलं तेच सांगतील. मग जमिनीचा उभा छेद दाखवावा: पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार. पाणी उताराकडे धावतं, म्हणून नदी सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आधी अंदाज केलेलं मूल हा छेद डोळे रोखून पाहतं.

भाषेचंही तसंच. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडे कित्येक घरांत कोकणा आदिवासींची कोकणी बोलतात, बागलाणात अहिराणी. 'उगम', 'पठार' हे शब्दच उलगडण्यात मूल अडकलं, तर नदीकडे लक्ष कुठून राहणार? पहिल्यांदा घरच्या बोलीत सांगावं, पुस्तकी शब्द त्यालाच जोडावा. शिवाय धडा दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत असावा. रेंज नसेल तिथे फाइल मोबाइलवर आधीच उतरवून ठेवता येते.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानं मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पुन्हा लावू नये. कोरा नकाशा द्यावा आणि नदी मुलांना काढू द्यावी.